डोळा नसलेल्या चित्रांची गोष्ट

शाळेच्या वहीत काढलेली किरणाकृती आठवते? मधे बहिर्वक्र भिंग, डावीकडून येणारे तीन समांतर किरण आणि पलीकडे नाभी. पट्टी जरा सरकली की एखादा किरण नाभी चुकवायचा आणि अर्धा गुण जायचा. द्विमितीय, म्हणजे कागदासारख्या सपाट जगातल्या, प्रकाशाचं संगणकावर सिम्युलेशन (नक्कल) करून जी चित्रं तयार होतात ती मुळात हीच आकृती. फक्त किरण तीन नसतात, काही कोटी असतात.

एवढ्या किरणांनी काय साधतं हे बघायला संगणक लागत नाही. कागदावर अंगठी आडवी ठेवा आणि बाजूने टॉर्च धरा. आतल्या बाजूला एक झळझळीत, मधोमध टोक आलेली वक्ररेषा उमटते. तिला कॉस्टिक म्हणतात. 1682 मध्ये जर्मन गणितज्ञ चिर्नहाउसने या रेषांचा अभ्यास मांडला, तर डच शास्त्रज्ञ हायगेन्सचं याविषयीचं गणित 1690 च्या त्याच्या प्रकाशावरच्या ग्रंथात आलं. गंमत अशी, की ती रेषा कोणी काढलेलीच नसते. परावर्तित झालेला प्रत्येक किरण तिला नुसता स्पर्श करून पुढे जातो आणि जिथे किरणांची दाटी होते तिथे रेषा दिसते.

संगणकावर मात्र प्रकाश आधी उलटा चालला. 1968 मध्ये आर्थर अ‍ॅपलने आणि 1980 मध्ये टर्नर व्हिटेडने जी पद्धत मांडली, तिच्यात किरण निघतो तो डोळ्यापासून, म्हणजे कॅमेऱ्यापासून, आणि वस्तूंवर आपटत दिव्यापर्यंत माग काढत जातो. कारण व्यवहारी होतं. दिव्यातून सोडलेल्या किरणांपैकी कॅमेऱ्यात पोचणार किती? जवळजवळ सगळेच वाया. 1986 मध्ये जेम्स काजियाने यादृच्छिक मार्ग निवडत सगळ्या प्रकाशाचा हिशेब एकाच समीकरणात बसवला, पण वाट धरली ती कॅमेऱ्याकडूनच.

द्विमितीत ही अडचणच उरत नाही. तिथे कॅमेरा नाही, डोळा नाही. किरण कागदाच्या प्रतलातच धावतो आणि त्याची अख्खी वाट चित्रात उमटते. त्यामुळे किरण पुन्हा दिव्यातून सोडता येतात, आणि एकही फुकट जात नाही. माझ्या मते या कलेचं सगळं मर्म इथे आहे. त्रिमितीय चित्रात आपण प्रकाश पडलेल्या वस्तू बघतो, इथे प्रकाशाचा प्रवास बघतो. या सपाट जगात प्रकाश मंदावतोही सावकाश: अंतर दुप्पट झालं की तीव्रता निम्मी होते, आपल्या जगातल्यासारखी चौथाई नाही.

संगणकाने रेषा काढण्याची कला याहून थोडी जुनी. 1965 मध्ये श्टुटगार्टला गेओर्ग नेसने आणि न्यूयॉर्कला मायकल नोलने अशी चित्रं प्रदर्शनात मांडली. पण प्लॉटरच्या, म्हणजे कागदावर पेनाने रेषा काढणाऱ्या यंत्राच्या, शाईला एक मर्यादा होती: काळ्यावर काळं चढवलं तरी ते काळंच. पडद्यावर तसं नाही. तिथे एका पिक्सेलवरून हजार किरण गेले तर हजारांची बेरीज ठेवता येते, आणि मग ती डोळ्याला झेपेल अशी दाबून दाखवता येते. ही युक्ती प्रकाशवाल्यांची एकट्याची नव्हे. स्कॉट ड्रेव्हजच्या 1992 च्या फ्रॅक्टल फ्लेम चित्रांतही, म्हणजे गणिती सूत्रांनी विखुरलेल्या बिंदूंच्या चित्रांतही, दाटी लॉगरिदमने (मोठे आकडे आक्रसून टाकणाऱ्या गणिताने) दाबलेली असते, म्हणून ती धुरासारखी तलम दिसतात.

पुढे ब्राउझरची ताकद वाढली आणि हा खेळ कोणालाही करता येऊ लागला. 2013 च्या ‘झेन फोटॉन गार्डन’ या वेबपानावर माउसने रेषा ओढायची आणि ती प्रकाश किती विखुरेल, किती परावर्तित करेल, किती आरपार सोडेल हे ठरवायचं. चित्र सुरुवातीला दाणेदार असतं, हळूहळू निवळतं. दाणेदारपणा निम्मा करायला चौपट किरण लागतात, तेव्हा धीर हवाच. नंतर बेनेडिक्ट बिटर्लीच्या ‘टँटलम’ या प्रोग्रॅमने हे काम ग्राफिक्स कार्डावर नेलं आणि लोलकातून सात रंगही बाहेर काढले.

स्वतः प्रोग्रॅम लिहायला बसणारा मात्र एका जागी हमखास ठेचकाळतो. मधोमध एकच दिवा ठेवला की गोल प्रभेऐवजी अधिक चिन्हासारखा चार टोकांचा तारा दिसतो. चूक प्रकाशाच्या गणितात नसते, रेषा काढण्यात असते. 100 पिक्सेल लांबीची आडवी रेषा 100 पिक्सेल उजळते, तेवढ्याच लांबीची 45 अंशांतली तिरकी रेषा जेमतेम 71. म्हणून तिरके किरण फिके पडतात. प्रत्येक रेषेची लांबी तिने उजळलेल्या पिक्सेलच्या संख्येने भागायची आणि त्या पटीत तिचा उजळपणा वाढवायचा, की तारा विरतो आणि प्रभा गोल होते.