बुसानला जायचंय? आधी उत्सव ठरवा, मग तारखा

दक्षिण कोरियाच्या सहलीची चौकशी करताना बहुतेक जण आधी भाडं विचारतात. बुसानच्या बाबतीत आम्ही मात्र आधी विचारतो, तिथं तुम्हाला काय पाहायचंय? या बंदराच्या शहरात महिना बदलला की पाहण्यासारखं सगळंच बदलतं.

सिनेमाची आवड असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९६ साली नाम्पो-दोंग या जुन्या बाजारपेठेच्या भागात सुरू झाला. २०११ पासून त्याचं मुख्य ठिकाण आहे शहरातल्याच सेंटम सिटी या भागातलं बुसान सिनेमा सेंटर. त्याचं छत एका बाजूनं तब्बल ८५ मीटर अधांतरी पुढे आलेलं आहे आणि रात्री त्याच्या खालच्या अंगावर दिव्यांची चित्रं सरकत राहतात. त्या छताखाली हजारो माणसांबरोबर मोकळ्या हवेत सिनेमा पाहणं, आमच्या मते, साऱ्या सहलीचा खर्च वसूल करतं. महोत्सव एरवी ऑक्टोबरात असतो, पण २०२५ मध्ये तो सप्टेंबरातच झाला. म्हणून तारखा जाहीर झाल्याशिवाय आम्ही विमानाची तिकिटं काढत नाही.

चित्र-शिल्पांत रमणाऱ्यांनी सम साल निवडावं. तेव्हा बुसान बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारं समकालीन कलेचं प्रदर्शन, भरतं. नाकदोंग नदीच्या मुखाशी, उल्सुकदो बेटावर २०१८ साली उघडलेलं समकालीन कलेचं संग्रहालय तर कुठल्याही साली पाहण्यासारखं आहे.

ग्वांगाल्लीच्या किनाऱ्यावरची आतषबाजी बहुधा नोव्हेंबरात होते. समोर समुद्रावरचा झगमगता पूल, वर रंगलेलं आकाश. गर्दी अफाट असते, त्यामुळे चालत परतता येईल असंच हॉटेल आम्ही सुचवतो.

गाम्चॉन ही रंगीत गल्ल्यांची वस्ती मात्र बारा महिने. कोरियन युद्धात जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी या डोंगरउतारावर घरं बांधली. २००९ पासून कलाकार आणि रहिवासी यांनी मिळून त्या गल्ल्या रंगवल्या. सकाळी लवकर जा, चढणीच्या पायऱ्यांसाठी चांगले बूट घाला. आणि एक कळकळीची विनंती : तिथं आजही लोक राहतात. खिडक्यांतून डोकावू नका, दारात उभं राहून फोटो काढू नका.

शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच सांगावं. तिथल्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही मासळीचा अर्क असू शकतो. तुमच्या पथ्याची चिठ्ठी आम्ही कोरियनमध्ये लिहून देतो, ती हॉटेलात दाखवा.