इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमधे ‘चॉइस’ आला कुठून

मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला असताना इलेक्टिव्हचा (म्हणजे आपण निवडायच्या विषयाचा) फॉर्म मिळाला होता, त्यात ४ विषय छापलेले आणि खाली सही करायला जागा. आम्ही आपले रात्रभर चर्चा करून विषय ठरवला, आणि सकाळी कळलं की शिकवायला सर एकाच विषयाला आहेत, म्हणजे सगळ्यांनी तोच घ्यायचा. आता क्रेडिट (तासांवरून ठरणारं विषयाचं वजन), मायनर (जोडीला दुसऱ्या विषयाचा छोटा अभ्यास), ऑनर्स (जादा अभ्यास करून मिळणारी पदवी) हे शब्द ऐकले की मला तो फॉर्म आठवतो.

सगळ्यांना एकच सिलॅबस, हा ताठरपणा आला कुठून हे बघायचं तर पार १८५४ पर्यंत मागे जावं लागतं. पुण्यात इंजिनिअरिंगचा क्लास सुरू झाला (तेच पुढे सीओईपी, म्हणजे पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज), तो सरकारी बांधकामांवर हाताखालची माणसं हवी होती म्हणून. खात्याला एकसारखी तयार झालेली माणसं पाहिजेत, मग प्रत्येकाला आवडीचा विषय कशाला? पुढे १८५७ ला मुंबई विद्यापीठ आलं आणि संलग्न कॉलेजांची पद्धत बसली, पेपर विद्यापीठ काढणार, शिकवणार मात्र दुसराच कोणीतरी. मला वाटतं खरी गाठ इथेच बसली, कारण शेकडो किलोमीटर लांबच्या कॉलेजांत एकाच दिवशी एकच पेपर द्यायचा म्हटल्यावर सिलॅबस सगळ्यांचा सारखाच लागतो आणि शिकवणाऱ्याला त्यातला एक टॉपिकसुद्धा बदलता येत नाही.

वेगळा प्रयोग राजस्थानात पिलानीला झाला. बिट्स ही तिथली संस्था १९६४ ला सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटीची आणि फोर्ड फाउंडेशनची मदत होती, तिथे सेमिस्टर आणि वर्षभर चालणारं मूल्यमापन आलं, जो शिकवतो तोच पेपर काढतो आणि तपासतो, आणि १९७३ पासून प्रॅक्टिस स्कूल, म्हणजे मुलं थेट कंपनीत जाऊन काम करणार आणि त्याचे मार्क धरले जाणार.

आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र १९८३ ला विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली, सीटा भरपूर वाढल्या, पण सिलॅबस तोच राहिला.

मोठा बदल २०१८ चा. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची परिषद, तिच्या मॉडेल करिक्युलममधे (नमुना सिलॅबसमधे) पूर्ण डिग्रीचे क्रेडिट साधारण २२० वरून १६० वर आणले. आठवड्याला लेक्चरच्या एका तासाला एक क्रेडिट, प्रॅक्टिकलच्या दोन तासांना एक, असा हिशोब. त्या १६० मधे १८ क्रेडिट आपल्या ब्रँचच्या इलेक्टिव्हला आणि १८ ओपन इलेक्टिव्हला (ब्रँचबाहेरच्या विषयांना), म्हणजे मेकॅनिकलच्या पोरीला अर्थशास्त्र किंवा कोडिंगचा विषय घ्यायचा तर हक्काची जागा आहे. जादा क्रेडिट केले तर मायनर पण मिळते. मग २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आलं, २०२१ ला क्रेडिट साठवायची बँक आली, मधेच शिक्षण सुटलं तरी केलेलं वाया जाऊ नये म्हणून.

हे सगळं मला मनापासून पटतं. पण १८ क्रेडिटचे ओपन इलेक्टिव्ह खरंच द्यायचे तर टाइमटेबलमधे सगळ्या ब्रँचना एकाच वेळी रिकामा स्लॉट लागतो, आणि प्रत्येक विषयाला शिकवणारं माणूस लागतं. ते आधी भरा, नाहीतर फॉर्मवर परत ४ नावं आणि वर्गात एकच सर.