मे महिन्यातली हवा आणि हेलिकॉप्टरचा दोर

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, की तिथली हवा थंडीतल्या सकाळच्या चिखलदऱ्यापेक्षाही विरळ होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आणि अकोला सुमारे ३०० मीटरवर, तरीही हे खरं आहे. हवा तापली की पसरते. मग तेवढ्याच जागेत हवेचे रेणू कमी मावतात आणि हेलिकॉप्टरच्या पंख्याला खाली ढकलायला हवाच कमी मिळते. त्या दुपारी अकोल्यात उडणारं हेलिकॉप्टर जणू १४०० मीटर उंचीवरच उडत असतं. वैमानिक या हिशेबी उंचीला घनता-उंची म्हणतात. चिखलदऱ्याच्या पठारावर पारा ३८ वर असेल, तर ही उंची दोन हजारांच्याही पुढे जाते.

हिमालयात माणसं वाचवणाऱ्यांना जे शिकवतात, त्याच्या मुळाशी हीच विरळ हवा आहे. म्हणून ते शिक्षण फक्त बर्फाच्या मुलखापुरतं आहे असं मला वाटत नाही. मेळघाटातल्या आणि भामरागडकडच्या पोरांच्याही ते कामाचं आहे.

आधी हिमालयातलं बघू. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. ऑक्सिजनचा वाटा तिथेही २१ टक्केच असतो, पण मुळात हवाच कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन निम्माच. इंजिनाचीही तीच गत होते. चिखलात ट्रॅक्टरचं चाक नुसतं फिरत राहावं, तसा विरळ हवेत पंखा गरगरतो पण वजन उचलत नाही.

त्यातही एका जागी तरंगत राहणं सर्वांत महाग. पुढे जाणाऱ्या हेलिकॉप्टरला सतत नवी, शांत हवा मिळते. थांबलेल्याला आपणच खाली ढकललेल्या हवेत झगडावं लागतं. जमिनीजवळ, साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत, जमिनीचा थोडा आधार मिळतो आणि ताकद कमी लागते. कड्याच्या बाजूला तोही आधार नसतो. आणि अडकलेला माणूस नेमका कड्यावर असतो.

१४ मे २००५ रोजी दिदिए देल्साल या फ्रेंच वैमानिकाने एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवलं. तेव्हापासून अनेकांना वाटतं, की आता कुठूनही माणूस उचलता येईल. पण ते हेलिकॉप्टर हलकं केलेलं होतं, वैमानिक एकटाच होता आणि हवामान निवडून घेतलेलं होतं. खऱ्या बचावात रुग्णाचं वजन असतं, वारा असतो आणि वेळ आपल्या हातात नसते. म्हणून उंचावरच्या बचावात दारं आणि सीटा काढून ठेवतात, इंधन मोजून भरतात आणि एका खेपेला एकच माणूस आणतात. २०१० साली अन्नपूर्णेवर, ६९०० मीटरच्या आसपास अडकलेले तीन स्पॅनिश गिर्यारोहक असेच लांब दोराला लटकवून एकेक करून खाली आणले. ते काम स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये मुरलेल्या लोकांनी नेपाळच्या लोकांबरोबर केलं होतं.

आता माणसाकडे वळू. आपल्या लष्करात उंचावर जाणाऱ्या जवानाला टप्प्याटप्प्याने चढवतात: ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १५ हजारांपर्यंत ४ दिवस आणि त्याहून वर आणखी ४ दिवस. हेलिकॉप्टरने जाणारा बचावकर्मी मात्र काही मिनिटांत तिथे उतरतो. शरीराला सवय नसते. ऑक्सिजनचा मास्क सोबत असला, तरी विचार मंदावायचा धोका असतोच. यावर प्रशिक्षणाचं उत्तर म्हणजे सराव. जाड हातमोजे घालून, अंधारात, वाऱ्यात त्याच त्या गाठी इतक्या वेळा बांधायच्या, की डोकं मागे पडलं तरी हात चुकू नयेत. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शोध आणि बचावाच्या अभ्यासक्रमाला बसण्याआधी मूलभूत आणि प्रगत असे दोन अभ्यासक्रम पार करावे लागतात, ते उगाच नाही.

विंचने, म्हणजे हेलिकॉप्टरच्या दारातल्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, माणूस उचलताना वैमानिकाला आपल्या पोटाखालचा हुक दिसत नाही. दारात बसलेला विंचवाला खाली बघतो आणि बोलत राहतो: पुढे दोन मीटर, एक, थांब. वैमानिक त्या आवाजावर मशीन सरकवतो. दोर खाली येतो तेव्हा खालच्याने हुकाला झडप घालायची नसते. पंख्याच्या घर्षणाने हेलिकॉप्टरवर स्थिर विद्युतभार साठतो, म्हणून हुक आधी जमिनीला टेकू द्यायचा आणि मगच हात लावायचा. दुसरा नियम त्याहून कडक आहे. विंचचा दोर झाडाला किंवा खडकाला कधीच बांधायचा नाही. वाऱ्याने हेलिकॉप्टर हललं तर एकतर दोर तुटेल, नाहीतर मशीनच खाली येईल.

एप्रिल २०२२ मध्ये झारखंडच्या देवघरजवळ त्रिकूट टेकडीवरच्या रोपवेत लोक अडकले, तेव्हा हवाईदलाने त्यांना याच पद्धतीने काढलं. बहुतेक वाचले, पण एक जण दारापर्यंत पोहोचूनही खाली पडून दगावला. लटकलेला माणूस दारातून आत ओढायचा, तो शेवटचा हातभर टप्पाच सर्वांत अवघड असतो. ती टेकडी हिमालयातली नव्हती, आपल्या चिखलदऱ्यासारख्याच भागातली होती.

आपल्याकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि कधी गरोदर बाईला हेलिकॉप्टरने हलवावं लागतं. वैमानिक शिकलेला असतो. खाली उभं असलेलं गाव मात्र शिकलेलं नसतं, आणि मला काळजी त्याची वाटते. वावरात हेलिकॉप्टर उतरणार असेल, तर कुटाराचा ढीग, ताडपत्री, सुटे टिनाचे पत्रे आधीच दूर न्यायला हवेत. पंख्याचा झोत ते सगळं उडवतो, आणि उडालेली ताडपत्री पंख्यात गेली तर सगळंच संपलं. मातीवर पाणी मारायचं, ढोरं लांब बांधायची, दुपट्टे खांद्यावरून काढायचे. वैमानिकाने खूण केल्याशिवाय जवळ जायचं नाही, आणि जायचं ते समोरूनच. शेपटीकडचा फिरता पंखा नजरेला दिसतही नाही. उताराची जागा असेल तर वरच्या बाजूने मुळीच नाही, कारण तिकडे पातं डोक्याच्या उंचीवर येतं. उन्हाळ्यात रुग्ण शक्यतो सकाळीच तयार ठेवायचा. कारण वर सांगितलंच आहे.

ढग खाली उतरले तर हेलिकॉप्टर येतच नाही. जुलै २०२३ मध्ये रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा हेच झालं. अशा वेळी कामी येते ती बाज आणि खांदे देणारी माणसं. गडचिरोलीत रुग्णाला बाजेवर टाकून ओढे-नाले ओलांडणारी माणसं आजही आहेत. त्यांना रुग्ण नीट बांधणं, मानेला आधार देणं, उतारावर दोराने बाज धरून ठेवणं शिकवलं, तर ते कुठल्याही पथकाच्या तोडीचे होतील. नागपुरात एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमी आहे, चिखलदऱ्याला कडे आहेत आणि त्या कड्यांच्या वाटा पायाखाली घातलेली कोरकू पोरं आहेत. हे तिन्ही एकत्र आणायला फार मोठा खर्च लागू नये.

सुरुवात शाळेतूनही करता येईल. हेलिकॉप्टर दिसलं की आपण आनंदाने एक हात हलवतो. पण एक हात वर आणि एक खाली, याचा बचावाच्या खुणांमध्ये अर्थ होतो: मदत नको. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर करून, तिरपे ताणून, हेलिकॉप्टरकडे तोंड करून स्थिर उभं राहायचं.