अमारेत्ती

अमारेत्ती : बदाम, साखर व अंड्यातील पांढरा बलक यांपासून भाजून केलेली लहान, गोल इटालियन बिस्किटे. एकवचन अमारेत्तो. पारंपरिक कृतीत मैदा, लोणी व पिवळा बलक नसतो. गोड बदामांबरोबर थोडे कडू बदाम किंवा जर्दाळूच्या बियांतील गर घातल्याने येणारा कडसर सुवास हे यांचे व्यवच्छेदक लक्षण असून नावही त्यावरूनच पडले. याच नावाचे गोड मद्य हा स्वतंत्र पदार्थ आहे.

उत्पत्ती : याविषयी मतभेद आहेत. लोंबार्दीतील सारोन्नो गावच्या कथेनुसार अठराव्या शतकाच्या आरंभी मिलानचे कार्डिनल अचानक गावात आले असता एका तरुण जोडप्याने हाताशी होते त्या जिनसांतून ही बिस्किटे करून दिली. प्येमाँतेतील मोंबारुत्सो गाव त्यांचे श्रेय साव्हॉय राजघराण्याच्या मुदपाकखान्यातून परतलेल्या एका आचाऱ्याला देते. या दोन्ही कथा मागाहून रचल्या गेल्या असाव्यात. काहींच्या मते मूळ प्रबोधनकालीन व्हेनिसमध्ये, तर काहींच्या मते अरबी अमलाखालील सिसिलीत आहे. सिसिलीवरील अरब स्वारी इ. स. ८२७ मध्ये सुरू झाली आणि १०७२ मध्ये पालेर्मो नॉर्मनांच्या हाती गेले. या काळात बेटावर उसाची लागवड रुजली. बदाम व साखर एकत्र कुटण्याची रीत अरबी पाकपरंपरेतून आली, हे बहुतेक अभ्यासक मानतात. तथापि त्यातून मार्झिपानचा (बदाम व साखरेच्या लगद्याच्या मिठाईचा) उलगडा होतो, अमारेत्तीचा नव्हे. मार्झिपानच्या लगद्यास अंड्याची गरज नसते व तो न भाजताही खातात. पांढऱ्या बलकाने बांधून, भाजून, वरून तडकलेले बिस्किट ही त्यापुढची पायरी आहे. ती एकाच गावी, एकाच हातून घडली असे मानण्यापेक्षा साखर स्वस्त होत गेली तशी मठांत व हलवायांच्या दुकानांत अनेक ठिकाणी घडली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. फ्रान्समधील जुन्या धाटणीची मॅकरून बिस्किटे याच कुळातली. मात्र ती १५३३ मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यात विवाह झालेल्या कातेरीना दे मेदिचीबरोबर इटलीहून तेथे गेली, ही कथा विश्वसनीय मानली जात नाही.

कडू बदाम : कडू व गोड बदाम एकाच जातीच्या झाडाचे. रानटी बदाम कडूच असतो. गोडपणा एका जनुकातील बदलामुळे येतो, हे २०१९ मध्ये बदामाच्या जीनोमच्या अभ्यासातून अधिक स्पष्ट झाले. कडूपणाचे कारण असलेले अमिग्डॅलिन हे द्रव्य रोबिके व बुत्रों-शार्लार यांनी १८३० मध्ये वेगळे केले. त्याचे विघटन घडवणाऱ्या इमल्सिन या बदामातील विकराचा (एन्झाइमचा) अभ्यास व्होलर व लीबिग यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केला. अख्ख्या बीमध्ये ही दोन्ही द्रव्ये अलग राहतात. बी वाटली आणि तिला ओल मिळाली की ती एकत्र येतात व त्यांतून ग्लुकोज, बेंझाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड तयार होते. ओळखीचा ‘बदामाचा वास’ तो बेंझाल्डिहाइडचा. सायनाइड अत्यंत विषारी, पण सुमारे २६° से. तापमानालाच उकळणारे, त्यामुळे भाजताना त्याचा मोठा भाग उडून जातो. बेंझाल्डिहाइड सुमारे १७९° से.ला उकळते, म्हणून सुवास मागे राहतो. कडू बदाम वाटण्याआधीच खमंग भाजल्यास इमल्सिन निकामी होते आणि सुवास धरत नाही.

भाजल्याने विषबाधेचा धोका पूर्णपणे टळतो, असे मात्र समजू नये. विघटन न झालेले अमिग्डॅलिन बिस्किटात उरू शकते. यूरोपीय संघाने २०१७ मध्ये ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या जर्दाळूच्या बियांसाठी सायनाइडची कमाल मर्यादा किलोमागे २० मिग्रॅ. ठरवली. पेल्लेग्रीनो आर्तुसी यांच्या पाकग्रंथातील (पहिली आवृत्ती १८९१) एका कृतीत २५० ग्रॅ. साखर, १०० ग्रॅ. गोड व ५० ग्रॅ. कडू बदाम आणि दोन अंड्यांचा पांढरा बलक असे प्रमाण आहे. म्हणजे बदामांपैकी तिसरा हिस्सा कडू. आजच्या घरगुती कृतींत हे प्रमाण पुष्कळ कमी असते, आणि मुलांसाठी करताना बदामाचा इसेन्स वापरणे हेच योग्य.

घरगुती कृती : बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून सोलतात व पूर्ण कोरडे करतात. ते साखरेसह थांबून थांबून वाटावे लागतात. मिक्सर सलग फिरवल्यास तेल सुटून चिकट गोळा होतो. २०० ग्रॅ. बदामास जवळपास तितकीच साखर व साधारण ६० ग्रॅ. पांढरा बलक लागतो. बलक हलका फेटून थोडा थोडा मिसळतात, कारण बदामाच्या कोरडेपणानुसार तो कमी-जास्त लागतो. पीठ हाताला चिकटेल पण गोळी वळता येईल, इतपत असावे. गोळ्या पिठीसाखरेत घोळवून उघड्यावर सुकू देतात. या सुकण्यातच तडकलेल्या पृष्ठभागाचे रहस्य आहे : साखरेची वाळलेली पापडी ताणली जात नाही, आतली वाफ गोळी फुगवते आणि पापडीला भेगा पडतात. मऊ प्रकार सुमारे १७०° से.ला १५ ते २० मिनिटे भाजतात. ओव्हनमधून काढताना ती कच्ची वाटतात, पण निवल्यावर बसतात. कुरकुरीत प्रकार कमी आचेवर अधिक वेळ वाळवतात.

प्रकार : सारोन्नोची कुरकुरीत, लिगूरियातील सासेल्लोची व मोंबारुत्सोची मऊ. सार्डिनियातही मऊ प्रकार प्रचलित आहे. सिएनाची रिच्चारेल्ली जवळची, पण शंकरपाळ्याच्या आकाराची; त्यांना २०१० मध्ये यूरोपीय भौगोलिक निर्देशन मिळाले.

उपयोग : कॉफीबरोबर खातात. मांतोवा येथे लाल भोपळ्याचे सारण भरलेल्या तोर्तेल्ली या पास्त्यात चुरा घालतात. प्येमाँतेत बोनेत या कोकोयुक्त पुडिंगात व भाजलेल्या पीचच्या सारणात. सारोन्नोची बिस्किटे पातळ कागदात गुंडाळून मिळतात. त्या कागदाची नळी उभी करून वरचे टोक पेटवले की जळत खाली येता येता ती एकदम वर उडते, हा इटालियन घरांतला जेवणानंतरचा आवडता खेळ.

भारतात तमिळनाडूतील तुतुकुडीची काजूची मॅकरून आणि पारशी पद्धतीची बदामाची मॅकरून ही रचनेने जवळची आहेत : सुकामेवा, साखर, पांढरा बलक. कडू बी मात्र त्यांत घालत नाहीत.