यानारताशच्या ज्वाळा: ज्वालामुखीशिवाय जळणारा डोंगर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरत होता. उघड्या खडकातून ज्वाळा निघतायत, मागे मंत्रघोष, खाली ओळ: 'हजारो वर्षं अखंड पेटलेला अग्नी, विज्ञानही थक्क!' लगेच कुणीतरी खुलासा केला, 'अहो, ज्वालामुखी आहे तो.' दोन्ही चूक.

जागा तुर्कस्तानातली आहे, नाव यानारताश. अंताल्या प्रांतातल्या किनारी राष्ट्रीय उद्यानात ती येते; हे उद्यान 1972 सालचं. समुद्राला खेटून 2300 मीटरहून उंच ताहताली डोंगर. किनाऱ्यावर ऑलिंपोस आणि फासेलिस या प्राचीन नगरांचे अवशेष. (झ्यूसचा ऑलिंपस वेगळा, तो ग्रीसमध्ये.) ज्वाळांपाशी अग्निदेव हेफेस्टसच्या देवळाचे दगड पडलेले आहेत. सिंह, बकरी आणि साप मिळून झालेल्या, आग ओकणाऱ्या किमेराची ग्रीक कथाही याच जागेशी जोडतात.

आता खरी गंमत. जळतो तो मुख्यतः मिथेन, सोबत दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन. मिथेन म्हटलं की आपल्याला गोबरगॅस किंवा तेलविहीर आठवते, म्हणजे शेवटी सजीवांचे अवशेष. इथला बराचसा मिथेन मात्र खडकाने स्वतः बनवलेला आहे. टेथिस हा प्राचीन समुद्र मिटताना त्याच्या तळाचा आणि त्याखालच्या प्रावरणाचा (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा) तुकडा जमिनीवर चढला. त्यात ऑलिव्हिन हे खनिज ठासून भरलेलं. भेगांतून पाणी मुरलं की ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होतं, त्यातलं लोह पाण्यातला ऑक्सिजन ओढून मॅग्नेटाइट बनतं आणि हायड्रोजन सुटा होतो. एका अर्थी खडक गंजतो. मग चार हायड्रोजन रेणू एका कार्बन डायऑक्साइडशी जुळतात: एक मिथेन, दोन पाणी. ही साबातिए अभिक्रिया. कारखान्यात निकेल उत्प्रेरक वापरून ती करायला दोन-तीनशे अंश तापमान लागतं; इथल्या खडकाचं तापमान तर शंभराच्याही खाली. संशोधकांचा संशय रुथेनियम या दुर्मिळ धातूवर आहे, तोच इथे उत्प्रेरक असावा. या खडकांतल्या क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजाच्या थरांत ते अत्यल्प असतं, आणि प्रयोगशाळेत रुथेनियमच्या साथीने शंभर अंशांखाली मिथेन बनलेला आहे. दुसरा पुरावा समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचा: जैविक मिथेनमध्ये हलका कार्बन-12 अधिक भरतो, इथे जड कार्बन-13चं प्रमाण त्या मानाने चढं निघतं. गाळाच्या खडकांतला नेहमीचा मिथेनही थोडा मिसळलेला आहे, त्यामुळे हिशेब काटेकोर लागत नाही.

मग आपली पुण्याची वेताळ टेकडी का पेटत नाही? ती तर लाव्हाचीच! पण दख्खनचा बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) म्हणजे प्रावरणाचा वितळून वर आलेला अंश. त्यात ऑलिव्हिन फारच कमी. लडाखमध्ये आणि अंदमानात मात्र टेथिसच्या तळाचे असे खडक उघडे पडलेत. कांगड्याच्या ज्वालामुखी देवीच्या ज्योतीही जमिनीतल्या वायूच्याच. ज्याला हात जोडायचेत त्याने जोडावेत, फक्त 'विज्ञान थक्क' म्हणू नये. हल्ली 'खडकातला फुकट हायड्रोजन' म्हणून गुंतवणूकदारांना जी स्वप्नं विकतात, तीही जपूनच ऐकावीत. यानारताशच्या उतारावर ठिकठिकाणी ज्वाळा दिसत असल्या, तरी एकेका भेगेतून येणारा वायू जेमतेम शेकोटीपुरता असतो.