आलं आधी, दूध नंतर, जेवण दूर

जुलैत राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की कोल्हापुरातल्या चहाच्या गाड्यांवर आल्याचा खप वाढतो. भिजून आलेलं गिऱ्हाईक "जरा आलं मारून, कडक" म्हणतं आणि दोन घोटांत घसा मोकळा झाल्यासारखा वाटतो. हा नुसता मनाचा खेळ नाही. आल्यातलं जिंजेरॉल घशातल्या चेतातंतूंच्या त्याच ग्राहींना चेतवतं, ज्यांना मिरचीचा तिखटपणा आणि चटका कळतो. ऊब जाणवते ती त्यामुळे. सर्दीचा विषाणू काही यानं मरत नाही, पण आराम खराच पडतो. मळमळीवर, त्यातही गरोदरपणातल्या मळमळीवर, आल्याचा उपयोग अनेक चाचण्यांत दिसला आहे.

घरी चहा करताना ठेचलेलं आलं आधी पाण्यात उकळतात आणि दूध नंतर घालतात. या क्रमामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते दुधातल्या केसिन या प्रथिनाचे तुकडे करतं आणि कोमट-गरम दूध त्यानं गोठतं. दक्षिण चीनमध्ये आल्याच्या रसावर दूध गोठवून केलेला गोड पदार्थ आवडीनं खातात! पाण्यात चांगली उकळी आली की हे विकर निकामी होतं, मग दूध फाटायची भीती उरत नाही. गुळाचं मात्र उलट. गुळातली आम्लता आणि क्षार उकळत्या दुधात केसिनचा तोल बिघडवतात, म्हणून पातेलं गॅसवरून उतरवल्यावरच गूळ घालायचा.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण गुळाचा चहा म्हणजे बिनसाखरेचा चहा, हा समज मधुमेहींना महागात पडतो. गुळात थोडी खनिजं असतात, तरी बहुतांश भाग साखरेचाच असतो आणि रक्तातली साखर तोही वाढवतो.

गवती चहाचा वास सिट्रालचा. हे तेल वाफेबरोबर उडून जातं, तेव्हा पात शेवटी घालून झाकण ठेवावं. वेलचीचंही तसंच. दालचिनी चिमूटभर ठीक, पण बाजारात बऱ्याचदा दालचिनी म्हणून जाड सालीची कॅशिया मिळते. तिच्यात कुमारिन असतं आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होऊ शकतो. वजन कमी करायला रोज चमचाभर पूड घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चहाच्या वेळेची. आपल्याकडे चहा-चपाती हीच कित्येकांची न्याहारी, आणि भाकरी खाऊन हात धुतला की कप पुढे येतो. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. मसाला घातल्यानं हे टळत नाही, कारण लवंग-दालचिनीतही अशीच द्रव्यं असतात. मटणाच्या रश्श्यातल्या लोहाला याचा फटका कमी बसतो. भाकरी, मेथी, मसुरीतल्या लोहाला मात्र चांगलाच बसतो, आणि घरातल्या बायकांच्या ताटात बहुतेक दिवस हेच असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला कारणं अनेक आहेत, पण चहाची वेळ बदलायला पैसे लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहारविषयक सूचनांत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे.

आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीही पुष्कळ घरांत सकाळच्या चहाबरोबरच घेतली जाते. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला मदतच होते. आल्याचा चहा मग दुपारी, चारच्या सुमाराला.