‘काढून टाकतो’ की ‘उचलतो’? ख्रिस्ती साधनेतील बागेच्या रूपकाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती भक्तिपर लेखनात अंतःकरणाला बाग, सवयींना तण आणि संकटांना छाटणी म्हणण्याची रीत आता इतकी रुळली आहे की या बागेचा माळी कोण, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जुन्या करारात त्याचे उत्तर सरळ होते. यशयाच्या पाचव्या अध्यायात द्राक्षमळा देव लावतो आणि आंबट फळ आल्यावर त्याचे कुंपणही तोच काढतो. माणसे म्हणजे तिथले पीक. नव्या करारात, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, एक जण लावतो, दुसरा पाणी घालतो, पण वाढ देवाकडेच राहते. मध्ययुगीन मठांना गीतरत्नातील बंदिस्त बाग अधिक जवळची वाटली आणि रूपकाचा रोख मशागतीपेक्षा राखणीकडे वळला.

माणसाच्या हाती कामाची मोठी वाटणी आली ती सोळाव्या शतकात. 1560 च्या दशकात स्पेनमधील एका मठवासिनीने आत्मचरित्रात प्रार्थनेच्या चार पायऱ्या पाणी देण्याच्या चार रीतींनी समजावल्या: विहिरीतून शेंदून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने आणि शेवटी पावसाने. पायरीगणिक माणसाचे कष्ट कमी होत जातात आणि पावसात तर त्याला काहीच करावे लागत नाही. तण उपटून रोपे आधी देवानेच लावलेली असतात, हे तिचे गृहीतक मात्र पुढच्या अनुकरणांत बहुधा गळून पडले.

खरा वाद योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील दुसऱ्या वचनाचा आहे. तिथे येशू स्वतःला द्राक्षवेल, पित्याला माळी आणि शिष्यांना फाटे म्हणतो. फळ न देणाऱ्या फाट्याचे माळी काय करतो, हे सांगणारे ग्रीक क्रियापद ‘आइरेइ’ आणि फळ देणाऱ्या फाट्यासाठीचे ‘काथाइरेइ’ यांत ध्वनिसाम्याचा खेळ आहे. दुसऱ्याचा अर्थ साफ करणे. तिसऱ्या वचनातील ‘शुद्ध’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. अडचण पहिल्याची आहे. त्याचा अर्थ ‘काढून टाकणे’ असाही होतो आणि ‘उचलणे’ असाही. याच शुभवर्तमानात 11:41 या एकाच वचनात कबरेवरची धोंड काढली जाते आणि येशू दृष्टी वर करतो, आणि दोन्ही ठिकाणी क्रियापद हेच आहे. त्यामुळे निव्वळ शब्दकोशाने हा वाद मिटत नाही.

वादामागे सिद्धान्ताचा भारही होता. खरा विश्वासणारा कायमचा ढळू शकत नाही, असा निर्णय 1618–19 मध्ये नेदरलंड्समधील डोर्ट येथे भरलेल्या कॅल्विनपंथी प्रोटेस्टंटांच्या धर्मपरिषदेने दिल्यावर ‘माझ्यातील’, म्हणजे येशूशी जोडलेला, फाटा काढून टाकला जातो, हे वाक्य त्या परंपरेला अवघड गेले. असा फाटा मुळात वेलीशी नावापुरताच जोडलेला होता, हे तिचे नेहमीचे उत्तर. ‘उचलतो’ या अर्थाने ही अडचण सोप्या रीतीने सुटते: जमिनीवर लोळणारा फाटा माळी हलकेच वर घेतो आणि त्याला ऊन-वारा मिळतो. अमेरिकेत 2001 मध्ये निघालेल्या एका छोट्या पुस्तकाने हा अर्थ फार मोठ्या वाचकवर्गापर्यंत नेला.

या अर्थाला बागायतीचा आधार अगदीच नाही असे नाही; जमिनीवर पसरू दिलेल्या वेलींची नोंद पहिल्या शतकातील रोमन लेखनात सापडते. पण चार वचने पुढे सुकलेले फाटे गोळा करून जाळले जातात, आणि ते कुठून आले याचा खुलासा ‘उचलतो’ म्हणणाऱ्यांना वेगळा द्यावा लागतो. मूळ मजकुरात धार आहे आणि ती बोथट करण्याचा मोह अर्थनिर्णयात शिरला आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.

अलीकडच्या मननपुस्तिकांनी तर हा वादच ओलांडला आहे. त्यांत वाचकच माळी असतो. त्याने माती तपासायची, तण ओळखायचे आणि नको त्या नात्यांची छाटणीही स्वतःच करायची. योहानाच्या त्या अध्यायात मात्र फाट्याच्या हाती कात्री कुठेच दिलेली नाही. चौथ्या ते दहाव्या वचनांत ‘राहणे’ हे एकच ग्रीक क्रियापद दहा वेळा येते.